जुन्या वायरिंगचं घर विकताना: आधी मेगर, मग भाव, रंग सगळ्यात शेवटी

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी इथली आपली जुनी घरं गेली काही वर्षं एकामागून एक विक्रीला निघतायत. मुलं पुण्याला किंवा परदेशात, आई-वडिलांना जिना चढवत नाही, आणि गोत्री-वासणाकडे लिफ्टचा फ्लॅट आधीच घेऊन ठेवलेला. गिऱ्हाईक येतं, ओटा बघतं, माळा बघतं, सागवानी तुळयांचं कौतुक करतं आणि मीटरखालच्या लाकडी पाटीपाशी येऊन थांबतं. "काका, वायरिंग तर सगळं नवं करावं लागेल." तिथून पुढे बोलणी घराची राहत नाहीत, वायरिंगची होतात.

अशा वेळी मालक बहुधा दोनातलं एक करतो. घाबरून सगळं घर नव्याने वायर करून घेतो, किंवा जुन्या वायरवर चकचकीत मॉड्युलर स्विच बसवून वर ऑइलपेंट मारतो. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात पत जाते आणि कधी कधी कोर्टाची पायरीही चढावी लागते. माझं मत सरळ आहे: वायरिंग बदलायचं की नाही हे शेवटी ठरवा. आधी ते मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणाची (इन्सुलेशनची) ताकद मोजायच्या यंत्राने, मोजा आणि कागदावर आणा.

घर कोण घेणार आहे?

पोळातलं, चिंचोळ्या गल्लीतलं, दोन्ही बाजूंनी सामाईक भिंत असलेलं घर घेणारा पुष्कळदा जागा घेत असतो, घर नाही. तो पाडून बांधणार किंवा आतून पार उसवणार. त्याच्यासाठी तुम्ही नवी वायर ओढली तर ती भंगारात जाईल, आणि तिच्यापोटी तो एक रुपयाही जास्त देणार नाही.

कारेलीबाग किंवा प्रतापनगरच्या बाजूचं १९७५-८५ मधलं टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र बैठं घर, असेल तर गोष्ट वेगळी. तिथे येणारं कुटुंब दिवाळीआधी राहायला यायच्या विचारात असतं. त्यांना एसी, गीझर, वॉशिंग मशीन पहिल्याच आठवड्यात चालू हवं असतं. इथे धड वायरिंगला खरोखर भाव मिळतो.

आपल्या गल्लीत गेल्या दोन-तीन वर्षांत विकलेल्या घरांचं पुढे काय झालं ते बघा. पाडली गेली, गोडाऊन झाली, की माणसं राहायला आली? दलालाच्या तोंडच्या अंदाजापेक्षा हे उत्तर खात्रीचं.

बोर्ड उघडून काय बघायचं

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी बाजू चालूच असते, आणि मीटरच्या सीलला हात लावायचा नसतो. तुम्ही शेजारी उभे राहून बघा मात्र नक्की, कारण उद्या गिऱ्हाइकाला उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

सुरुवात वायरपासून करा. लाकडी बॅटन पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली, वरून सुती विणीची काळपट वायर असेल तर ती आतून रबराची, म्हणजे पीव्हीसी रुळण्याआधीची. रबर वर्षानुवर्षं उष्णतेने सुकतं. बाहेरून वायर ठीक दिसते, पण लाकडी गोल ब्लॉक उघडून टोक जरा वाकवलं की वरचं आवरण भाजलेल्या पापडासारखं मोडतं आणि उघडं तांबं दिसतं. अशी वायर जिथे आहे तिथे गप्प पडून राहते. हलवली की बिघडते. म्हणून नुसता स्विच बदलायला आलेला माणूस जाताना नवाच दोष ठेवून जातो.

त्यानंतरच्या घरांत, विशेषतः साठ ते ऐंशीच्या दशकांत, ॲल्युमिनियमची पीव्हीसी वायर खूप वापरली गेली. ब्लेडने टोक खरवडलं की पांढरी-चंदेरी दिसते. हिचा दोष जोडांत असतो. ॲल्युमिनियम तापलं की फुगतं, स्क्रूखाली दबतं, थंड झालं की सैल पडतं. वर ऑक्साइडचा थर चढतो, त्याने वीज नीट वाहत नाही आणि जोड आणखी तापतो. त्यात कुणी नंतर एसीसाठी तांब्याची वायर थेट पिळून काळ्या टेपने गुंडाळली असेल, तर तो टेप आधी सोडवून बघा. स्विचची पाटी पिवळी-तपकिरी पडली असेल किंवा बोर्डाला जळका वास येत असेल तर कारण बहुधा हेच. लोक सरसकट ज्याला शॉर्टसर्किट म्हणतात, त्यातल्या पुष्कळ प्रकरणांत असा सैल जोडच तापत आलेला असतो.

मग फ्यूज. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर त्यांतली तार बघा. पाच अँपिअरच्या तारेऐवजी कुणीतरी फ्लेक्सिबल वायरीतले चार-पाच पेड पिळून घातलेले असतातच. तो फ्यूज कधी उडत नाही म्हणून घरचे खूश, आणि भिंतीतली वायर मात्र तापतेय. जुन्या बोर्डांत फेजला एक आणि न्यूट्रललाही एक फ्यूज असायचा. न्यूट्रलचा उडाला की दिवा बंद होतो, पण होल्डरपर्यंत फेज तसाच जिवंत राहतो. नव्या मालकाने दिवा लागत नाही म्हणून बल्ब काढायला हात घातला तर काय होईल, ते सांगायला नको.

अर्थिंगचा किस्सा तर आपल्याकडे घरोघरी सारखाच. पूर्वी जाड जीआय तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधायची आणि त्यालाच अर्थिंग म्हणायचं. पुढे नळाची लाइन बदलली, प्लास्टिकची आली आणि अर्थिंग त्या दिवशीच संपलं. तार अजून दिसते, जोडलेलीही दिसते, पण ती जमिनीत कुठेच जात नाही. तीन पिनचं सॉकेट असलं म्हणजे तिसऱ्या भोकामागे वायर आहेच असं समजू नका. न्हाणीघरातल्या गीझरचं सॉकेट सगळ्यात आधी उघडा.

माळा विसरू नका. उधई लागलेली पट्टी, उंदरांनी कुरतडलेली वायर आणि कुणाच्या तरी लग्नात मांडवाच्या दिव्यांसाठी काढून तशीच सोडलेली लाइन या गोष्टी तिथेच सापडतात.

मेगर आणि रिपोर्ट

डोळ्यांनी बघणं इथे संपतं, पुढे मोजणं. वायरमन मेगरने ५०० व्होल्ट दाबाखाली प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रेझिस्टन्स बघतो. किमान १ मेगाओम ही आपल्याकडची जुनी, रुळलेली कसोटी आहे. धड पीव्हीसी वायरिंग त्याच्या कितीतरी वर दाखवतं. सुकलेलं रबर दमट दिवसांत खाली येतं. मोजण्याआधी बल्ब, पंखे, टीव्ही, इन्व्हर्टर सगळं सोडवायला लावा. नाहीतर आकडा चुकतो आणि वर एखादं उपकरण जातं.

एप्रिलमधला आकडा आणि श्रावणातला आकडा सारखा येत नाही. भिंती ओल्या असल्या की इन्सुलेशन कमी दिसतं. तुम्ही उन्हाळ्यात रिपोर्ट घेतला आणि गिऱ्हाइकाचा वायरमन ऑगस्टमध्ये आला, तर दोघांचे कागद एकमेकांना खोटं ठरवतील आणि संशय तुमच्यावर येईल. शक्य असेल तर मोजणी पावसाळ्यातच करा. वाईट आकडा तुमच्या कागदावर आधी आलेला बरा.

रिपोर्ट परवानाधारक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरच्या लेटरहेडवर, लायसन्स नंबर आणि तारखेसह हवा. सर्किटवार मेगरचे आकडे, वायरचा प्रकार, अर्थिंग आहे की नाही आणि असल्यास मोजलेला रेझिस्टन्स, फेज स्विचमध्ये तुटतो की न्यूट्रल, मेन बोर्डात काय काय आहे, एवढं त्यात यावं. "वायरिंग ठीक आहे" अशा एका ओळीचा दाखला गिऱ्हाइकाला बघायलाही देऊ नका.

घर वर्ष-दोन वर्षं बंद असेल तर ही मोजणी होईपर्यंत मेन चालू करू नका. गिऱ्हाईक यायच्या आधी "जरा पंखे लागतात का बघू" म्हणून स्विच टाकणं हा आपला नेहमीचा उत्साह इथे महागात पडतो.

विश्वामित्रीचं पाणी

ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण २५-२६ फुटांची. त्यानंतर बडोद्यात घर बघायला येणारा माणूस पहिलं विचारतो, "इथे पाणी आलं होतं?" कारेलीबाग, समा, अकोट्यापासून नदीकाठच्या बऱ्याच भागांत घरांत पाणी शिरलं. ३१ जुलै २०१९ चा पाऊस तर सगळ्यांच्या लक्षात आहेच.

पुराच्या पाण्यात बुडालेलं सॉकेट वाळलं म्हणजे बरं झालं असं होत नाही. गाळ आणि क्षार आत राहतात, पितळ गंजतं, पाइपात अडकलेलं पाणी महिनोन्महिने सुकत नाही. पाणी कुठपर्यंत चढलं होतं ती रेघ तुम्हाला माहीत असेल, तर तिच्याखालचे बोर्ड आणि जोड बदला, निदान रिपोर्टमध्ये तसं नोंदवून घ्या. रंगाने ती रेघ झाकता येते, पण शेजारी सांगतोच.

बदलायचं तर किती बदलायचं

पाडण्यासाठी विकताय? मग जे माणसाला मारू शकतं तेवढंच हाताळा: उघडे जोड तोडा, मेलेल्या लाइनी मुळापासून काढा, न्हाणीघराचं सॉकेट बंद करा. बाकीचं तसंच राहू दे.

राहणारं कुटुंब घेणार असेल आणि वायर पीव्हीसीची, मेगरला उतरलेली असेल, तर मधला मार्ग सगळ्यात फायद्याचा. किटकॅट काढून एमसीबीचा (जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) बोर्ड बसवा, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घाला, अंगणात नवं अर्थिंग करा आणि तिथून प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थची वायर न्या. गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची लाइन द्या. दिव्यांना १.५ आणि १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटर तांबं हा सर्वसाधारण हिशोब. एमसीबी वायरच्या मापाला साजेशी हवी. "मोठी बसवा, सारखी पडणार नाही" म्हणणारा माणूस बदला.

इथे एक मेख आहे. जुन्या रबरी वायरिंगवर आरसीसीबी लावली की ती टिकतच नाही, सारखी पडते. मग वायरमन सांगतो, "साहेब, पीस खराब आहे, डायरेक्ट करून देतो." पीस बहुधा चांगलाच असतो, तो गळती बरोबर पकडत असतो. किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकमेकांत मिसळलेले असतात, जुन्या घरांत ते हमखास होतं. बायपास केलेली आरसीसीबी दाखवून घर विकणं म्हणजे उघड लबाडी. आरसीसीबी टिकत नसेल तर तुमचं घर मधल्या मार्गाचं नाही, एवढं समजायचं.

रबरी वायर आणि राहायला येणारं गिऱ्हाईक अशी जोडी असेल, तरच पूर्ण नव्या वायरिंगचा विचार करा. तिथेही मी आधी कोटेशन घेऊन भाव सांगेन, काम काढणार नाही. नव्या माणसाला टीव्ही कुठे लावायचा, स्वयंपाकघरात किती सॉकेट हवेत हे त्याचं तोच ठरवेल. तुम्ही तुमच्या सोयीने भिंती फोडल्यात तर तो पुन्हा फोडणार.

बिल, भार आणि बाकीचे कागद

लोक अजून जीईबी (जुनं गुजरात वीज मंडळ) असंच म्हणतात, पण बिल एमजीव्हीसीएल या वीज कंपनीचं येतं आणि त्यावर नाव आजोबांचं. दस्तावेजात मालक तुम्ही आणि बिलात कैलासवासी आजोबा, हे गिऱ्हाइकाच्या वकिलाला खटकतं. वारसांची नावं सिटी सर्वेच्या प्रॉपर्टी कार्डवर चढवून घ्या. त्यासाठी पेढीनामा (वंशावळीचा दाखला) लागतो आणि भावंडं वेगवेगळ्या गावांत असली की सह्यांतच महिने जातात. मग त्याच कागदांवर वीज जोडणीचं नाव बदला.

बिलावर मंजूर भार किती किलोवॉट आहे ते बघा. चाळीस वर्षांपूर्वीचा एखाद-दोन किलोवॉटचा भार आणि आज घरात दोन एसी, हे चित्र सर्रास दिसतं. भार वाढवायचं काम गिऱ्हाइकावर सोडता येतं, पण लपवू नका. मागच्या खोलीतल्या भाडोत्र्याच्या नावावर वेगळं मीटर असेल तर ते वायरिंगचं नाही, ताब्याचं प्रकरण आहे; वकिलाला आधी दाखवा.

थकबाकीचा दाखला घ्या. मागच्या मालकाची वीजबाकी नियमांत तशी तरतूद असेल तर नव्या मालकाकडूनही वसूल होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे हुशार गिऱ्हाईक हा कागद मागणारच. कॉर्पोरेशनच्या वेऱ्याची (घरपट्टीची) पावतीही त्याच फाइलमध्ये ठेवा.

आणि अशांत धारा, म्हणजे अशांत म्हणून जाहीर केलेल्या भागांतल्या मालमत्तेच्या विक्रीवरचा कायदा. १९९१ च्या या कायद्याखाली जुन्या शहराचा बराच भाग येतो. तुमचा सर्वे नंबर यादीत असेल तर कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय झालेली विक्री टिकत नाही. विक्री स्वखुशीची आहे का आणि किंमत वाजवी आहे का, हे तिथे तपासतात. परवानगीला वेळ लागतो. वायरिंगची कामं त्या वेळात आरामात होतात, म्हणून अर्ज आधी आणि वायरमन नंतर.

लिहून द्या

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ सांगतं की विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. न सांगणं हे कपट धरलं जातं. पाटीवरचा किटकॅट फ्यूज कुणालाही दिसतो. प्लास्टरखालचा जळका जोड किंवा तुटलेलं अर्थिंग दिसत नाही. रिपोर्ट हातात आल्यावर "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही, हे खरं. पण रिपोर्ट गिऱ्हाइकाच्या हातात दिल्यावर "मला सांगितलं नाही" म्हणायची त्याचीही सोय राहत नाही.

बानाखतात (विक्रीच्या करारात) या अर्थाचं कलम घालायला सांगा: "घरातील विद्युत वायरिंग जुने असून अमुक तारखेचा तपासणी अहवाल खरेदीदारास दिला आहे व त्याने तो वाचून समजून घेतला आहे, त्यातील दोष विचारात घेऊन किंमत ठरली आहे, दुरुस्तीची जबाबदारी ताबा दिल्यापासून खरेदीदाराची राहील." दस्तावेज गुजरातीत होणार, तर शब्द वकिलाचे असू द्या, पण अहवालाची तारीख आणि पानांची संख्या त्यात हवीच. अहवालाच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. नुसतं "जसे आहे तसे" लिहून लपवलेल्या दोषातून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

भाव

गिऱ्हाईक म्हणेल, "वायरिंगचे तीन लाख कमी करा." तो आकडा हवेतला असतो. तुमच्याकडे दोन काँट्रॅक्टरांची लेखी कोटेशन असू द्या: पॉइंट किती, दर पॉइंटचा दर किती, मेन बोर्ड आणि अर्थिंग वेगळं, प्लास्टर-रंग वेगळा. कोटेशनचा आकडा समजा दीड लाख असेल, तर बोलणी दीड लाखाच्या आतच होतात, आणि पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला तर एवढंही सोडायचं कारण नाही. कोटेशन स्वतःहून पुढे करू नका. त्याने आकडा काढला की टेबलावर ठेवा.

किंमत उतरवताना जंत्रीकडे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मालमत्तेच्या दराकडे, लक्ष असू द्या. १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीची जंत्री दुप्पट झाली. जंत्रीची किंमत दस्तावेजाच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरली तर विकणाऱ्याचा भांडवली नफा जंत्रीवरच मोजला जातो आणि घेणाऱ्यालाही फरकावर कर लागू शकतो. मोडकळीस आलेल्या घराला जंत्री जास्त वाटत असेल तर ते दाखवायला नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल लागतो. तिथे तुमचा वायरिंगचा रिपोर्टही जोडा.

आयकरासाठी २००१ आधीच्या घराचं १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं. नफ्यावर १२.५ टक्के कर, किंवा २३ जुलै २०२४ च्या आधी मिळालेल्या घराला निवासी भारतीयाला इंडेक्सेशनसह २० टक्के, यांतलं जे कमी पडेल ते. परदेशातल्या भावाला ही निवड नाही, आणि त्याच्या हिश्श्यावर टीडीएसचे नियमही वेगळे, तेव्हा बानाखताआधीच सीएला विचारा. २००१ नंतर केलेलं पूर्ण रिवायरिंग "सुधारणा" म्हणून खर्चात धरता येतं का, हेही तोच सांगेल. बिल नसेल तर तो प्रश्नच उरत नाही, म्हणून वायरमनला रोख देऊन मोकळे होऊ नका.

ताबा देताना

पितळी टोप्यांचे जुने स्विच, चिनी मातीचे होल्डर, हंड्या-झुंबरं तुम्हाला न्यायची असतील तर बानाखतात यादी करा आणि ताब्याआधी वायरमनकडून सोडवून टोकं बंद करून घ्या. भिंतीला बसवलेलं ते घराबरोबर गेलं असंच गिऱ्हाईक धरून चालतं, आणि यावरून झालेली भांडणं पैशांच्या भांडणांपेक्षा कडू असतात.

दस्तावेजाच्या दिवशी मीटरवरचा आकडा दोघांनी मिळून लिहा, फोटो काढा आणि ताबा पावतीत घाला. बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे मधले युनिट कुणाचे हा वाद हमखास होतो. जुनी डिपॉझिटची पावती सापडली तर ती रक्कम परत घ्यायची की नव्या नावावर वळवून गिऱ्हाइकाकडून घ्यायची, ते त्याच पावतीत लिहून टाका. एमसीबी बोर्डाच्या झाकणाच्या आत कोणती एमसीबी कुठल्या खोलीची, त्याची चिठ्ठी चिकटवा. नाव बदलाच्या अर्जावर तुमची सही लागली तर ती तिथेच करून द्या, नाहीतर नवा मालक सहा महिने तुमच्या नावाचं बिल भरत राहील आणि दर वेळी तुम्हाला फोन करील.